कॉम्प्युटरच्या पार्टचे भाव उतरले की शेअर घ्यायचा का? गावातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रॅम (कॉम्प्युटरची मेमरी), एसएसडी, मदरबोर्ड नागपूरहून किंवा अमरावतीहून मागवतो, त्यामुळे भाव चढला की उतरला हे मला आधी बिलात दिसतं आणि नंतर बातमीत. दुकानात येणाऱ्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो: "भाऊ, रॅम सस्ती झाली म्हणते. मंग आता कम्प्युटरवाल्या कंपनीचा शेअर घेऊन टाकू का?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. पार्ट स्वस्त झाले की काही कंपन्या कमावतात, काही तेवढ्याच जोरात आपटतात, आणि दोघींच्याही नावात "टेक्नॉलॉजी" असतं. मी स्वतः खातं उघडण्यापासून कर भरण्यापर्यंत सगळं गावात बसूनच केलं. त्यातली माहिती क्रमानं लिहितो. अमुक शेअर घ्या असं कुठंही लिहिलेलं नाही. कंपन्यांची नावं येतील ती फक्त कोण कोणत्या धंद्यात आहे हे कळावं म्हणून.

१. पैसा कोणता लावायचा

पीककर्जाचा लावायचा नाही. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज लागत नाही, म्हणून "फुकटचा पैसा आहे, फिरवून घेऊ" असं म्हणणारे भेटतात. शेअर नेमका फेडीच्या महिन्यात पडलेला असला की मुदत हुकते आणि सवलतही जाते. जूनच्या बी-बियाण्याचा, मजुरीचा, पोरांच्या फीचा पैसाही नको. तीन-चार वर्षं हात लावावा लागणार नाही तेवढीच रक्कम घ्या. ती ५ हजार असली तरी शिकायला भरपूर झाली.

२. कागदपत्रं आणि खातं

सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लागणाऱ्या गोष्टी अशा:

- पॅन कार्ड, आधारशी जोडलेलं
- आधार कार्ड, त्याला तुमचा चालू मोबाइल नंबर जोडलेला
- स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि त्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान
- कोऱ्या पांढऱ्या कागदावर केलेली सही, तिचा फोटो
- ई-मेल, जो तुम्ही खरंच उघडून बघता
- वारसदाराचं (नॉमिनीचं) नाव आणि त्याचा ओळखपत्र क्रमांक

आपल्याकडची पहिली अडचण नावाची. आधारवर "रामराव", पॅनवर "राम", सातबाऱ्यावर आणखी तिसरंच. कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी, बापाचं नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. खातं उघडताना पॅन आणि आधारची नावं ताडून बघतात आणि अर्ज परत येतो. आधी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. फरक असेल तर दुरुस्ती करूनच अर्जाला हात घाला. तेच ते चार वेळा भरून काही उपयोग होत नाही.

दुसरी अडचण मोबाइलची. आधारला जोडलेला नंबर जुना, सिम कधीच बंद झालेलं, त्यामुळे ओटीपी येत नाही. नवा नंबर आधार केंद्रावर किंवा ती सोय असलेल्या पोस्टात जाऊन जोडता येतो. शेतात राबणाऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे मशीन बरेचदा घेत नाही. अशा वेळी डोळ्यांची बुबुळं स्कॅन करा असं स्वतःहून सांगा. ऑपरेटर गर्दीत असला की "उद्या या" म्हणून मोकळा होतो.

पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरलं जातं. उशिरा जोडणाऱ्यांना १,००० रुपये भरावे लागतात, ते प्राप्तिकर खात्याच्या साइटवरच भरा. मध्यस्थाला दीड-दोन हजार देऊ नका.

तिसरी अडचण बँकेची. जिल्हा सहकारी बँकेतलं किंवा पतसंस्थेतलं खातं शेतीसाठी ठीक आहे, पण तिथं यूपीआय किंवा नेट बँकिंग धड चालत नसेल तर शेअरच्या खात्याला ते जोडू नका. राष्ट्रीयीकृत बँकेतलं वेगळं बचत खातं ठेवा. पीककर्जाचं, अनुदानाचं आणि शेअरचं खातं वेगळं राहिलं की हिशेबही सोपा जातो.

हे जुळलं की सेबीकडे (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोंद असलेला ब्रोकर, म्हणजे शेअर घेऊन-विकून देणारा, निवडा. ब्रोकरचा नोंदणी क्रमांक "आयएनझेड" या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर तपासता येतो. तुमचे शेअर ब्रोकरकडे नसतात. ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीत असतात, ब्रोकर फक्त मधला. त्यामुळे खातं उघडल्यावर डिपॉझिटरीच्या साइटवरही लॉगिन करून ठेवा. ब्रोकरचं ॲप काहीही दाखवो, तिथं दिसतं तेच खरं.

कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवण्याची एक पायरी असते, तिथं नेटवर्क तुटलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुपारी लाइन गेली की आमच्या भागात टॉवरही मान टाकतो, म्हणून हे काम सकाळी उरकावं.

खर्चाचंही बघून घ्या. एकच डिमॅट खातं (शेअर ठेवायचं खातं) असेल आणि त्यातली गुंतवणूक ४ लाखांच्या आत असेल तर बेसिक सेवा खात्यात वार्षिक देखभाल शुल्क लागत नाही. ब्रोकर हे आपणहून सांगेलच असं नाही, विचारा. विकताना दर कंपनीमागे, दर दिवसाला डिपॉझिटरीचं शुल्क लागतं, साधारण १५-२० रुपये. ५०० रुपयांचा एक शेअर विकला तर ३-४ टक्के तिथंच गेले. म्हणून एक-एक शेअर विकत बसू नये.

३. कंपनी विकते काय, ते आधी ओळखा

आता मुद्द्याचं.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून कित्येकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि शेवटी सात हजारांच्या आसपास विकला. त्या वर्षी ज्या जिनिंगवाल्यानं वाढीव भावात माल भरला होता तो बसला. जो रोजची आवक घेऊन रोज रुई काढत होता, त्याला फार झळ लागली नाही. रॅम आणि चिपचंही असंच आहे. भाव पडतो तेव्हा महागात घेतलेला माल कोणाच्या गोदामात पडून आहे, एवढं शोधायचं. बाकी सगळं त्यानंतर.

त्या दृष्टीनं हार्डवेअरच्या कंपन्यांचे चार गट पडतात.

पार्ट बनवणारे. रॅमची चिप जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. भाव पडला की पहिला मार यांना. कारखाना उभा करायला प्रचंड पैसा आणि काही वर्षं लागतात. एकदा उभा राहिला की तो बंद ठेवणं परवडत नाही, म्हणून भाव पडला तरी माल निघत राहतो आणि आणखी पडतो. यातली एकही आपल्या शेअर बाजारात नाही. मायक्रॉनचा गुजरातेत साणंदला कारखाना आहे म्हणून तिचा शेअर एनएसईवर, म्हणजे आपल्या शेअर बाजारात, शोधणारे मला भेटलेत. ती अमेरिकेतल्या नॅसडॅक या शेअर बाजारात आहे. तिकडचा शेअर घेता येतो, रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात. पण मग प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता भरावा लागतो. नवख्यानं त्यात पडू नये असं माझं मत.

जोडणी करणारे. डिक्सन, केन्स, सिरमा एसजीएस या कंपन्या दुसऱ्यांसाठी बोर्ड किंवा पूर्ण वस्तू बनवून देतात. इथं लोकांचा हिशेब सगळ्यात जास्त चुकतो. समजा एका बोर्डात ८,००० रुपयांचे पार्ट लागतात आणि जोडणीचे ४०० मिळतात. बिल ८,४०० चं, त्यात कमाई पावणेपाच टक्के. पार्ट ६,००० वर आले. बिल झालं ६,४०० चं, कमाई तीच ४०० रुपये. आता बातमी येईल "विक्री २४ टक्क्यांनी घसरली" आणि दुसरी येईल "नफ्याचं प्रमाण सव्वासहा टक्क्यांवर". पहिली वाचून घाबरणारा आणि दुसरी वाचून नाचणारा, दोघंही चुकले. नगामागे कमाईत काहीच बदललेलं नाही. या गटात बघायचं ते नगांची संख्या आणि पार्टच्या भावाची जोखीम करारात कोणावर टाकलीय हे. बऱ्याच करारांत ती ग्राहक कंपनीवर असते, सगळ्याच नाही.

वाटप करणारे. रेडिंग्टन, राशी पेरिफेरल्स. बाहेरून आलेला माल घेऊन माझ्यासारख्या दुकानदारापर्यंत पोचवणारी साखळी. यांची कमाई फार बारीक, शंभराच्या विक्रीवर दोन-तीन रुपये. गोदाम मोठं आणि कमाई पातळ, म्हणजे भाव पडायला लागला की धोका मोठा दिसतो. पण ब्रँडच्या कंपन्या वितरकाला बहुधा भावसंरक्षण देतात: किंमत उतरवली तर पडून असलेल्या मालाचा फरक भरून देतात. ते संरक्षण कोणत्या मालावर आहे आणि कोणत्या नाही, यावर सगळं येतं.

स्वतःच्या नावानं विकणारे. सर्व्हर बनवणारी नेटवेब, नेटवर्किंगची उपकरणं विकणारी डी-लिंक इंडिया. पार्ट स्वस्त झाले आणि विक्रीची किंमत काही काळ तशीच राहिली तर फायदा यांचा. हा काळ बहुतेकदा एक-दोन तिमाहींचा असतो. स्पर्धक भाव उतरवतो, मग यांनाही उतरवावा लागतो. टेंडरमध्ये किंमत आधीच ठरलेली असेल तर मात्र फायदा जरा जास्त टिकतो.

कोणती कंपनी कोणत्या गटात, हे नावावरून ठरवू नका. काही कंपन्या दोन-दोन गटांत असतात. वार्षिक अहवालात विभागवार विक्रीचा तक्ता असतो, तो बघा.

४. गोदाम मोजा

यासाठी फोनचा कॅल्क्युलेटर पुरतो. बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर कंपनीचं नाव टाका, निकाल उघडा. ताळेबंदात "इन्व्हेंटरीज" अशी ओळ असते, तो पडून असलेला माल. नफा-तोटा पत्रकात वापरलेल्या किंवा विकत घेतलेल्या मालाचा खर्च असतो.

पडून असलेला माल भागिले वर्षभराचा मालाचा खर्च, गुणिले ३६५. उत्तर येईल तेवढ्या दिवसांचा माल गोदामात आहे.

मनानं घेतलेले आकडे बघा. माल ३०० कोटींचा, वर्षाचा खर्च १,५०० कोटी. म्हणजे ७३ दिवसांचा माल. त्यातला निम्मा, १५० कोटींचा, मेमरीसारखा झपाट्यानं भाव बदलणारा आहे असं धरा. भाव २० टक्के पडला तर ३० कोटींचा खड्डा. कंपनीचा वर्षाचा करापूर्वीचा नफा ६० कोटी असेल तर निम्मा नफा गोदामातच विरघळला. हा खड्डा कंपनीला लपवताही येत नाही, कारण हिशेबाच्या नियमाप्रमाणे पडून असलेला माल खरेदीची किंमत किंवा विकून मिळणारी किंमत, यांतली जी कमी असेल तिलाच दाखवावा लागतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पूर्ण ताळेबंद वर्षातून दोनदाच येतो, सप्टेंबर आणि मार्चअखेरचा. डिसेंबर आणि जूनच्या निकालात तो बहुतेक कंपन्या देत नाहीत. एका वर्षाचा आकडा बघून काही कळत नाही, त्याच कंपनीची मागची तीन-चार वर्षं शेजारी मांडा. आणि मालाचे दिवस वाढत असतानाच ग्राहकांकडची उधारीही वाढत असेल तर माल विकला जात नाहीये असं समजा, व्यवस्थापन मुलाखतीत काहीही म्हणो.

निकालानंतर कंपनीचे अधिकारी विश्लेषकांशी बोलतात, त्याचा मजकूर बीएसई-एनएसईच्या साइटवर येतो. इंग्रजीत असतो. फोनवर भाषांतर करून घ्या आणि फक्त मालाच्या साठ्याबद्दलची प्रश्नोत्तरं शोधा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण टिप मागणाऱ्या शंभरातला एखादाच ते करतो.

५. मागची पडझड कशी झाली ते वाचा

करोनाच्या काळात घरोघरी लॅपटॉप घेतले गेले, कंपन्यांनी माल भरून ठेवला, आणि २०२२ मध्ये मागणी एकदम आटली. मायक्रॉनची विक्री आर्थिक वर्ष २०२२ मध्ये सुमारे ३,०७६ कोटी डॉलर होती. ऑगस्ट २०२३ ला संपलेल्या वर्षात ती १,५५४ कोटींवर आली, आणि तोटा झाला ५८३ कोटी डॉलरचा. एसके हायनिक्सला २०२३ मध्ये ७.७३ लाख कोटी वॉनचा कामकाजी तोटा झाला. उत्पादन कमी करायचं नाही म्हणून अडून बसलेल्या सॅमसंगलाही एप्रिल २०२३ मध्ये कपात जाहीर करावी लागली.

आता हे बघा. मायक्रॉनचा शेअर २०२२ च्या अखेरीस ५० डॉलरच्या आसपास होता. २०२३ संपताना तो ८५ च्या आसपास गेला. ज्या वर्षी कंपनीनं एवढा मोठा तोटा दाखवला त्याच वर्षी शेअर चढला, कारण बाजार पुढची तेजी आधीच धरून चालतो. तेजी आलीही, २०२५ च्या अखेरीस एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीची एवढी ओढ लागली की साध्या रॅमचे भाव भडकले आणि माझ्या दुकानात अपग्रेड करायला येणारे तोंड वाकडं करून परत जायला लागले.

यातून एक आकडा जपून वापरायला शिका: पीई, म्हणजे शेअरची किंमत भागिले नफा. अशा चढ-उताराच्या धंद्यात तेजीच्या टोकावर नफा फुगलेला असतो, म्हणून पीई कमी दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो. मंदीच्या तळाला नफाच नसतो, तेव्हा पीई भयंकर जास्त किंवा नकारात्मक. "पीई आठच आहे, सस्ता आहे" म्हणून तेजीच्या टोकावर घेणारे सगळ्यात वाईट अडकतात.

आणि प्रत्येक कंपनी मंदीतून वर येतेच असंही नाही. जर्मनीची क्विमोंडा जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानच्या एल्पिडानं फेब्रुवारी २०१२ मध्ये हात वर केले आणि पुढं मायक्रॉननं ती विकत घेतली. आपल्याकडची मोझर बेअर आठवते? सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. सीडी स्वस्त झाली, मग पेन ड्राइव्ह आला, मग इंटरनेट, आणि २०१८ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला. भाव पडणं दोन कारणांनी होतं: माल जास्त झाला म्हणून, किंवा वस्तूच नकोशी झाली म्हणून. पहिल्यात थांबण्यात अर्थ आहे. दुसऱ्यात नाही.

उलटंही घडतं. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि भाव एकदम चढले. पुराची भविष्यवाणी कोणी करत नाही, त्यामुळे "भाव उतरतच राहणार" हेही गृहीत धरू नका.

६. डॉलर आणि दिल्ली

पार्ट बाहेरून येतात, बिल डॉलरमध्ये. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४-७५ रुपयांना होता, वर्षअखेर ८२-८३ ला गेला. तिकडे रॅम स्वस्त झाली तरी इथं तेवढी स्वस्त वाटली नाही, त्याचं एक कारण हे. पार्टच्या भावाची बातमी वाचली की लगेच रुपया कुठं आहे ते बघा.

दुसरं सरकारी धोरण. मे २०२३ मध्ये केंद्रानं लॅपटॉप, सर्व्हर वगैरे इथं बनवणाऱ्यांसाठी १७,००० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असं जाहीर झालं, मग ते पुढं ढकललं आणि नोव्हेंबरपासून परवानगीची सौम्य पद्धत आली. मार्च २०२५ मध्ये पार्ट बनवण्यासाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना मंजूर झाली. योजना चांगल्या आहेत, पण कंपनीच्या नफ्यातला किती भाग सरकारी प्रोत्साहनाचा आहे ते वेगळं काढून बघा. योजनेला मुदत असते.

७. घेताना

बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३०. पहिली पंधरा मिनिटं सोडून द्या, भाव फार उड्या मारतो. ऑर्डर "लिमिट" प्रकारची टाका, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या किमतीला किंवा त्याहून कमीतच घेतली जाईल. नेटवर्क अडखळतं तिथं "मार्केट" ऑर्डर टाकू नये. बटण दाबल्यापासून ऑर्डर पोचेपर्यंत भाव कुठल्या कुठं जातो.

"डिलिव्हरी" निवडलंय ना, तपासा. काही ॲपमध्ये "इंट्राडे" आधीच निवडलेलं असतं, मग त्याच दिवशी सौदा आपोआप कापला जातो. शेअर दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतात.

सगळी रक्कम एकदम लावू नका. भाव उतरायला लागल्यापासून तळ लागेपर्यंत कित्येक तिमाही जातात. मी रक्कम तुकड्यांत लावतो आणि पुढचा तुकडा निकाल वाचल्याशिवाय टाकत नाही. एका कंपनीत एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि चार-पाच कंपन्या घेतल्या तरी त्या एकाच गटातल्या नकोत.

फ्युचर्स आणि ऑप्शन्सचं (पुढच्या तारखेच्या भावावर लावायचे सौदे) म्हणाल तर सेबीनं स्वतः हिशेब काढलाय: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. राजेहो, यापुढे मी काय बोलू.

८. विकताना आणि कर

घेतानाच वहीत लिहा: कशासाठी घेतला. "पार्ट स्वस्त झाले, विक्रीची किंमत टिकून आहे, दोन तिमाही फायदा दिसेल", असं एक वाक्य पुरे. ते कारण संपलं की विका, भाव वर असो की खाली. विकताना डिपॉझिटरीचा पिन आणि ओटीपी लागतो, तो आधीच तयार करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी धावपळ होते.

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून शेतकऱ्याच्या शेअरच्या नफ्यावरही नाही, असा समज आपल्याकडे पक्का बसलाय. तो चूक आहे. वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के, आणि वर्षानंतर विकला तर आर्थिक वर्षातल्या १.२५ लाखांपुढच्या नफ्यावर १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. लाभांश, म्हणजे कंपनी नफ्यातून वाटते तो पैसा, तुमच्या इतर उत्पन्नात धरला जातो. तोटा झाला असेल तरी मुदतीत विवरणपत्र भरा, तो पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. उशीर केला तर ती सोय जाते.

९. टिपवाले ग्रुप

व्हॉट्सॲप, टेलिग्रामवर अचानक कोणी तुम्हाला ग्रुपमध्ये घेतं, तिथं सगळे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात, मग एक "खास ॲप" डाउनलोड करायला सांगतात. ॲपवर पैसे दुप्पट दिसतात. काढायला गेलं की आधी "कर" भरा म्हणतात. आमच्या भागात एका निवृत्त गुरुजींची रक्कम अशीच गेली. ॲप हुबेहूब खऱ्यासारखं होतं, पण डिपॉझिटरीत त्यांच्या नावावर एकही शेअर नव्हता. वर म्हटलंय ना, तिथलं लॉगिन ठेवा, ते यासाठी.

सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. विश्लेषकाचा "आयएनएच" नं सुरू होतो, सल्लागाराचा "आयएनए" नं. क्रमांक सांगितला म्हणून विश्वास ठेवू नका, साइटवर नाव जुळतं का बघा. पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर पाठवायचे नाहीत. फसवणूक झाली तर पहिल्या तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, गावच्या ठाण्यात जाईपर्यंत थांबू नका. नोंदणी असलेल्या ब्रोकरबद्दल तक्रार असेल तर आधी त्याच्याकडे लेखी द्या, मग सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर टाका; तिथं २१ दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

१०. घरच्यांसाठी एक पान

शेअरचा कागद घरात नसतो, त्यामुळे माणूस गेला की घरच्यांना खातं होतं हेच कळत नाही. वारसदाराचं नाव खातं उघडतानाच भरा, नंतर करू म्हणू नका. सातबाऱ्याच्या फाइलमध्येच एक पान लावा: ब्रोकरचं नाव, डिपॉझिटरीचं नाव, सोळा अंकी डिमॅट क्रमांक, जोडलेलं बँक खातं, नोंदवलेला मोबाइल आणि ई-मेल. पासवर्ड आणि पिन त्यावर लिहू नका. वारसदाराची नोंद असेल तर त्याला मृत्यूचा दाखला, स्वतःची ओळखपत्रं आणि ठरावीक अर्ज ब्रोकरकडे द्यावा लागतो, त्यावर शेअर त्याच्या डिमॅट खात्यात जातात. म्हणजे वारसदाराचंही डिमॅट खातं लागतं. ते त्याच्या पॅन-आधारवर आत्ताच उघडता येतं, आणि नावातला फरकही आत्ताच निघतो.